विहिरीवरची पेटी

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत आमचे झरी लागते. गावाचे नाव झरी असले तरी माझ्या आठवणीतले पाणी झऱ्याचे नाही, विहिरीचे आहे. काळ्या रानातली ती विहीर, काठाशी चार खांबांवर टाकलेला पत्रा, आणि त्याखाली भिंतीला ठोकलेली लोखंडी पेटी. लहानपणी त्या पेटीला हात लावायची आम्हाला बंदी होती. पुढे ती पेटी बदलत गेली. तिच्या बदलण्याचा इतिहास लिहावा असे मला वाटू लागले ते एका रब्बीच्या रात्रीमुळे.

थोरल्या काकांनी नुकतीच नव्या पद्धतीची पेटी बसवली होती. तिच्या दारावर दोन ओळींचा हिरवट डिस्प्ले होता. तिन्ही फेजचे व्होल्टेज, मोटार किती अँपिअर घेते आहे, सगळे आकड्यांत दिसायचे. गव्हाला पाणी देण्यासाठी रात्री आम्ही दोघे गेलो, काकांनी बटण दाबले, मोटार धडधडली, पाईप थरथरला, पाणी पाटात पडले आणि त्याच क्षणी डिस्प्लेवरची इंग्रजी अक्षरे पुसली जाऊन तिथे भलतीच अक्षरे उमटली. काका बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे चिनी दिसतंय रे." मोटार नीट चालली होती, पाणीही येत होते. बिघडले होते ते फक्त सांगणे.

ती अक्षरे चिनी नव्हती, जपानी होती. झरीच्या शिवारात रात्री अकरा वाजता जपानी अक्षरे कुठून आली, या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा मोटेपासून सौरपंपापर्यंतचा रस्ता पायाखाली आला.

सुरुवात मोटेपासूनच करावी लागते. मोट हाकणाऱ्याला वेगळ्या मोजमापाची गरज नव्हती. बैलांच्या खांद्यावरचा ताण, चाकाची कुरकुर, थारोळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज यांवरून विहिरीत किती पाणी उरले ते त्याला कळायचे. पाणी ओढणारे आणि पाण्याची खबर देणारे यंत्र एकच होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि विसाच्या दशकात तिथे पंप तयार होऊ लागले. ('किर्लोस्कर खबर' हे पत्र १९२० मध्ये निघाले ते याच कारखान्यातून. मराठी मासिकांच्या इतिहासातले एक मोठे नाव नांगर आणि पंपांच्या शेजारी जन्मले, हे वाङ्मयाच्या वाचकांनी अधूनमधून आठवायला हरकत नाही.) पण आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर त्याच वर्षीच्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. शेतापर्यंत तारा पोचायला त्यानंतरही वर्षे गेली. १९७२ च्या दुष्काळाने गावोगावी विहिरी खोदायला लावले, आणि मोटेची मोटार झाली. शब्दांत एका अक्षराचा फरक. पण मोटेबरोबर बैलाच्या खांद्यावरून मिळणारी खबर गेली.

मोटारीबरोबर स्टार्टर आला. हिरवे बटण चालू, तांबडे बटण बंद. आत एक कॉइल, तिने ओढून धरलेले तीन संपर्क, आणि जास्त करंट वाहिला की तापून वाकणारी दुहेरी धातूची पट्टी. पाच हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटार चालताना साधारण सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या सहा-सात पट ओढते. म्हणून बटण दाबताच शेजारच्या आखाड्यावरचा दिवा मंद होतो. हे सगळे घडत असताना स्टार्टर स्वतः काही बोलत नाही. त्यामुळे माणसांनी वाचायची आपापली साधने शोधली. काका पाईपवर तळहात ठेवायचे. भरलेला पाईप थंड आणि जड थरथरतो, पाणी तुटू लागले की थरथर हलकी व कोरडी होते. वडिलांनी फळीवर तीन बल्ब लावले होते, एकेका फेजला एक. तिन्ही सारखे पेटले तरच बटणाला हात लावायचा. आणि आजी घरूनच ओळखायची. वारा आमच्या बाजूचा असला की मोटारीचा सूर बदललेला तिला ऐकू यायचा.

तो सूर बदलण्याला मोठा अर्थ होता. तीनपैकी एक फेज गेला की उभी असलेली मोटार फिरत नाही, नुसती घुमते. फिरत असलेली उरलेल्या दोन फेजांवर ओझे टाकून फिरत राहते आणि आतून तापते. पट्टी वाकायला उशीर झाला तर मोटार जळते. मोटार जळणे म्हणजे ती विहिरीतून वर काढणे, परभणीला रिवाइंडिंगला नेणे, तिथे पाळी येईपर्यंत थांबणे, आणि तोवर ओंब्या भरायला आलेल्या गव्हाने मान टाकणे. पेटीत इलेक्ट्रॉनिक्स शिरले ते याच नुकसानीच्या पोटी. तिन्ही फेजची तुलना करून एक गेला की मोटार बंद करणारी छोटी डबी आधी आली. तिच्या सोबतीला पॅनेलवर काट्याचा अँपिअरमीटर व व्होल्टमीटर आले.

काट्याच्या मीटरबद्दल इथे जरा थांबतो, कारण पुढचे सगळे भांडण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. काट्याचा मीटर मोटारीचाच करंट खाऊन हलतो. मोटारीत जाणारी वीज त्याच्या कॉइलमधून जाते आणि काट्याला ढकलते. म्हणजे मोटार चालवणे आणि ती कशी चालली आहे ते दाखवणे, ही दोन कामे एकाच प्रवाहाची होती. त्यांच्यात भांडण व्हायला जागाच नव्हती. काटा चुकीचा दाखवील, अडकेल, पण काट्याच्या जागी भलतेच काही उमटणार नाही.

मायक्रोकंट्रोलर आला आणि ही दोन कामे वेगळी झाली. गणित करणारा भाग, स्मृती, आणि बाहेरच्या तारांशी बोलण्याची व्यवस्था हे सगळे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आणण्याचे काम अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सत्तरच्या दशकाच्या आरंभी केले. त्यांची टीएमएस-१००० ही चिप १९७४ पासून बाजारात मिळू लागली. इंटेलची ८०४८ ही १९७६ ची, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेली ८०५१ ही १९८० ची. भारताने स्वतःच्या चिपा करण्यासाठी मोहालीला सरकारी कारखाना उभारला होता. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला आग लागली आणि त्या उद्योगाची घडी बसता बसता विस्कटली. त्यामुळे आमच्या पेट्यांत जे आले ते बाहेरचे आले. स्वस्त आले, चांगले आले, पण बाहेरच्या गरजा ध्यानात धरून घडलेले आले.

डिस्प्लेची गोष्ट तर नेमकी हीच आहे. दोन ओळी, दर ओळीत सोळा अक्षरे, असा जो डिस्प्ले आज पिठाच्या गिरणीपासून दूध संकलन केंद्रापर्यंत सगळीकडे दिसतो, त्याच्या पोटात हिताची या जपानी कंपनीने ऐंशीच्या दशकात घडवलेली एचडी-४४७८० ही चिप किंवा तिची नक्कल असते. हिच्या आत अक्षरांचे साचे कायमचे कोरलेले असतात. दर अक्षर पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. इंग्रजी अक्षरे, आकडे, चिन्हे आणि उरलेल्या जागेत जपानी काताकाना. जपानी कंपनीने आपल्या लोकांसाठी आपली लिपी घातली, यात तिचे काही चुकले नाही. ही चिप इतकी चालली की जगभरच्या कारखान्यांनी तिची बरहुकूम नक्कल केली, जपानी अक्षरांसकट. झरीच्या विहिरीवर ती लिपी कित्येक महिने पेटीत बसून होती. ती बाहेर पडायला फक्त एक धक्का हवा होता.

तो धक्का मोटारीने दिला. तारा वाचवण्यासाठी या डिस्प्लेला प्रत्येक अक्षराचा आकडा दोन तुकड्यांत पाठवतात. आधी अर्धा, मग अर्धा. एका वेगळ्या तारेवर ठोका पडला की डिस्प्ले समोरचा तुकडा उचलतो, दोन तुकडे झाले की जोडतो आणि अक्षर काढतो. आता मोटारीचा कॉन्टॅक्टर ओढला जातो तेव्हा ठिणगी पडते, कॉइलमधली वीज उसळते, सुरुवातीच्या मोठ्या करंटने व्होल्टेज खचते. या गदारोळात त्या ठोक्याच्या तारेवर एखादा ठोका चुकला किंवा फुकटचा एक जास्त पडला, तर तिथून पुढे डिस्प्ले एका अक्षराचा मागचा अर्धा भाग पुढच्या अक्षराच्या पहिल्या अर्ध्याशी जोडत बसतो. इंग्रजी 'मोटर' हा शब्द घ्या. त्यातल्या एमचे तुकडे ४ आणि १३, ओचे ४ आणि १५, टीचे ५ आणि ४. एक तुकडा सरकला की १३ आणि ४ एकत्र येतात, आणि त्या चिपेच्या कोशात तिथे जपानी 'या' आहे. पुढे १५ आणि ५ : डोक्यावर दोन टिंबे दिलेला जर्मन यू. मग ४ आणि ४ : सरळ इंग्रजी डी. काकांनी त्या रात्री पाहिले ते हे. यंत्र खोटे बोलत नव्हते. खरेच सांगत होते, पण अर्ध्या पावलाने सरकून.

याचा उलगडा मला धाकट्या भावाच्या मुलाने करून दिला. तो पॉलिटेक्निकला होता आणि अर्डुइनोवर प्रकल्प करत होता. अर्डुइनो हा इटलीतल्या इव्हरेया गावी २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी केलेला स्वस्त बोर्ड, आणि त्याच्या प्रचलित रूपातली चिप नॉर्वेच्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून आलेल्या घराण्यातली. पोराने खेळण्यातल्या दोन मोटारी आणि तसाच सोळा अक्षरांचा डिस्प्ले एका बोर्डावर जोडला होता. दोन्ही वेगवेगळे उत्तम चालत. एकत्र जोडले की मोटार फिरताच डिस्प्ले भुताने झपाटल्यासारखा करी, कधी सगळा बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्याच्या टेबलावर जे चालले होते ते विहिरीवरच्या पेटीत चालले होते तेच, फक्त लहान आकारात.

उपाय त्याने महिनाभर शोधले, आणि ते उपाय म्हणजे या यंत्राच्या इतिहासात लोकांनी ठेचा खाऊन शिकलेलेच आहेत. मोटारीला वीज वेगळी द्यायची, चिपेला वेगळी. दोन्हींची परतीची तार मात्र एकाच ठिकाणी जोडायची, वाटेत कुठेही नाही. चिपेच्या पायांशी छोटे कपॅसिटर लावायचे. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, मोठ्या कॉन्टॅक्टरवर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, म्हणजे उसळणारी वीज तिथल्या तिथे जिरते. चिप आणि मोटारीकडचा भाग यांच्यामध्ये तारेऐवजी प्रकाशाने निरोप देणारी कडी ठेवायची. आणि इतके करूनही डिस्प्ले चळलाच, तर दर काही मिनिटांनी त्याला पहिल्यापासून सुरू करण्याची आज्ञा द्यायची, मग तुकडे आपोआप जागेवर येतात. हा शेवटचा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. चूक होणारच असे धरून चालणारी यंत्रे शेतात टिकतात.

पण विजेच्या धक्क्यांपेक्षा अवघड भाग होता वेळेचा. चिपेत काम करणारा एकच. तो अक्षरे लिहीत असेल तेव्हा मोटारीकडे पाहत नाही. डिस्प्ले पुसायला सुमारे दीड मिलिसेकंद लागतो. ते काहीच नाही. पण पोराच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये अक्षरे लिहून झाल्यावर ती वाचता यावीत म्हणून अर्धा सेकंद थांबण्याची आज्ञा होती. अर्ध्या सेकंदात आपल्या विजेची पंचवीस आवर्तने होऊन जातात, आणि तेवढा वेळ चिप डोळे मिटून बसलेली असते. दोन फेजवर अडकलेल्या मोटारीचे दुर्दैव असल्या डुलक्यांत ओढवते. म्हणून जाणते लोक मोटारीची तपासणी घड्याळाच्या ठोक्याला बांधतात. ठोका पडला की हातातले काम टाकून आधी करंट पाहायचा, आणि डिस्प्लेने उरलेल्या वेळात आपले लिहावे. त्यातही घड्याळे मोजकी. त्या बोर्डाच्या चिपेत तीनच आहेत, आणि एखाद्या मोटारीसाठी तयार प्रोग्रॅम वापरला की तो त्यांतले एक गुपचूप उचलतो.

मोटारीची पाळी आधी, डिस्प्लेची नंतर. चिपेच्या आत हा नियम बरोबरच आहे. पण हाच क्रम पेटीच्या साऱ्या इतिहासात लागू झाला, आणि तिथे मला तो खटकतो. पाणी उपसण्यावर सगळ्यांची अक्कल खर्च झाली. समोर उभा असलेला माणूस काय वाचू शकतो, हा प्रश्न उरलेल्या वेळातला ठरला.

देवनागरीसाठी आपल्याकडे काही झाले नाही असे नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले, कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्र तिथे वाढले, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे प्रमाण ठरले, आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली. पण हे सगळे कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी. विहिरीवरच्या दोन ओळींपर्यंत ते उतरले नाही. त्या जपानी चिपेत वापरणाऱ्याला स्वतःचे साचे करायला फक्त आठ जागा ठेवल्या आहेत. माझ्या पुतण्याने एका संध्याकाळी हिशेब केला : चा, लू, बं, द, पा, णी, ना, ही. बरोबर आठ! 'चालू', 'बंद', 'पाणी नाही'. एवढी मराठी त्या पेटीत मावते, एक अक्षर जास्त नाही. 'फेज गेला' म्हणायला जागा उरत नाही. शिवाय दर दोन चौकटींच्या मध्ये एक बारीक फट असते, त्यामुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते, आणि खाली उकार दिला की वरची रेघ किंवा अक्षराचे पोट यांतले एक सोडावे लागते. तरी त्याने ते केले. तुटक्या शिरोरेषेचे 'पाणी नाही' पाहून काका पहिल्यांदा डिस्प्लेकडे बघून हसले.

मधल्या काळात वेगळ्याच दिशेने एक वाट फुटली होती. २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली, आणि त्या सुमाराचे भारनियमन ज्यांनी शेतात काढले त्यांना ते विसरता येणार नाही. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला कुणीतरी उठून जायचे, ओल्या बांधावरून, सापाकिरड्यातून, ओल्या हातांनी पेटी उघडायची. त्यावर लोकांनी ऑटोस्विच बसवले, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी सहापट करंट मागू लागल्या की रोहित्र जळणार नाही तर काय होईल? ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण अजूनही सांगत असते. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी याच त्रासावर मोबाइलचा उतारा काढला. आजोबांना पंप सुरू करायला रात्री शेतात जावे लागे, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांच्या 'नॅनो गणेश'ला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. मोटारीपाशी बसवलेल्या यंत्राला फोन लावायचा, आणि वीज आहे का, मोटार चालू आहे का ते आवाजाच्या खुणेवरून ओळखायचे. मला यात गंमत वाटते ती अशी की इथे डिस्प्लेच काढून टाकला आहे. आजी घरबसल्या मोटारीचा सूर ओळखायची, तिथेच गोष्ट परत आली, फक्त वाऱ्याची दिशा पाहायची गरज उरली नाही.

आता आमच्या रानात सौरपंप आहे. राज्य सरकारच्या योजनेत अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात हॉर्सपॉवरचा पंप मिळतो. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच. रात्रीचे जाणे संपले, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती कुरकुर न करता मान्य केली पाहिजे. पण या नव्या पेटीत डिस्प्ले वाचता येणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. ऊन उतरले की आतली चिप मोटारीचा वेग कमी करते. आवर्तने पन्नासवरून पस्तीसवर आली की पंपाची पाणी उचलण्याची उंची जवळपास निम्मी होते. मोटार फिरताना ऐकू येते, पाईप थरथरतो, आणि पाणी मात्र अर्ध्या विहिरीत येऊन थांबते. हात, कान, तीन बल्ब, काकांची सारी जुनी साधने इथे फसतात. ढग आला आहे, विहीर आटली आहे की पॅनेलवर धूळ बसली आहे, हे फक्त त्या डिस्प्लेला ठाऊक असते, आणि तो एक इंग्रजी अक्षर व दोन आकडे दाखवून गप्प बसतो.

पंप बसवायला आलेल्या मुलाला काकांनी चहा पाजला आणि एकेका खुणेचा अर्थ विचारून घेतला. मग पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला, जुन्या बैलगाडीला दिलेल्या ऑइलपेंटचा उरलेला डबा उघडून, काडीला कापूस गुंडाळून त्यांनी यादी लिहिली. डावीकडे इंग्रजी खूण, जशी दिसते तशी चितारलेली. उजवीकडे : पाणी खाली गेले. ऊन नाही, थांबा. काचा पुसा. केबल उंदराने खाल्ली. शेवटच्या ओळीत डावीकडे त्या जुन्या रात्रीचा जपानी 'या' काढला आहे, अगदी हुबेहूब, आणि समोर लिहिले आहे : बंद करून पुन्हा चालू करा.